रिठ्याचा डेरा

ह्या वयात माझ्या डोक्यावर एवढे केस कसे, असं नाती आणि नातसुना विचारतात. मग मी मोठ्या तोऱ्यात सांगायला बसते. शिकेकाई एवढी, रिठे तेवढे, मूठभर मेथ्या, आवळकाठी, लिंबाच्या वाळलेल्या साली, थोडा नागरमोथा. लोखंडी कढईत भिजत घालायचं, मंद जाळावर आटवायचं, कोमट झालं की फडक्यातून गाळायचं. पोरी लिहून घेतात. करत एकही नाही. बाटलीतलं काहीतरी चोळतात आणि केस गळतात म्हणून माझ्याच पुढ्यात येऊन रडतात. मी त्यांना चार शब्द सुनावते, त्या हसतात, विषय संपतो.

माझी जीभ तिखट आहे आणि मनात काही ठेवत नाही, असा माझा सासरी लौकिक आहे. लौकिक असू दे. शिकेकाई उकळायला लागली आणि तो आंबूस, रानटी वास घरभर झाला, की मी आजही दाराकडे तोंड करून बसते. कुणीतरी यायचं राहिलंय असं वाटत राहतं. हे मी कुणाला सांगितलेलं नाही.

आमचं माहेरचं गाव कोरेगावपासून पाच-सहा मैलांवर. घरात वडील, आई, थोरला भाऊ आणि मी. वडील दिवसभर रानात असत आणि घरात फार बोलत नसत. त्यामुळं घर म्हणजे आई. आणि आई म्हणजे सफाई. भांड्यांना राख आणि नारळाची शेंडी, तांब्याला चिंच, दातांना बाभळीच्या कोळशाची राखुंडी, घोंगड्याला आणि लग्नातल्या शालूला रिठे. मळलेला दागिनासुद्धा ती रिठ्याच्या पाण्यात घालून ठेवी आणि बाहेर काढला की नवा दिसे. परसात न्हाणीच्या भिंतीला लागून एक मोठा डेरा होता. त्यात ती वर्षाचे रिठे भरून ठेवी. त्या डेऱ्यात आमचा हात गेलेला तिला चालत नसे. रिठ्याच्या काळ्या बिया आम्ही पोरं खेळायला पळवायचो, हे तिचं कारण. निदान तेव्हा तरी तेच कारण होतं.

आमच्या भागात घरटी एक माणूस फौजेत. भाऊही गेला. आणि फौजेतल्या माणसाच्या घरात एक नियम फार कडक असायचा. माणूस घराबाहेर पडलं की लगेच केर काढायचा नाही आणि डोक्यावरून न्हायचं नाही. कारण उघड आहे. माणूस बाहेर गेल्या-गेल्या घर झाडतात आणि डोक्यावरून पाणी घेतात ते एकदाच, तिरडी उचलल्यावर. दुसऱ्यांच्या घरी हा नियम एका दिवसाचा असे. आमच्याकडं भाऊ पोचल्याचं पत्र येईपर्यंत असे. आठ-दहा दिवसांनी पत्र आलं की आई आधी देवापुढं साखर ठेवी आणि मग कढई चुलीवर चढवी. पत्र आलं हे गल्लीला आमच्या शिकेकाईच्या वासावरून कळायचं.

लढाई पेटली होती आणि पलटणी दूर समुद्रापार चालल्या होत्या, तेव्हा भाऊ पंधरा दिवसांच्या रजेवर आला. त्याच्या लग्नाला जेमतेम वर्ष झालं होतं. मी दहा वर्षांची. येताना त्यानं एक साबण आणला होता. गुलाबी, गुळगुळीत, कागदात गुंडाळलेला. सगळ्यांदेखत बायकोच्या हातात काही द्यायची तेव्हा रीत नव्हती, म्हणून त्यानं तो माझ्या हातात दिला आणि म्हणाला, ‘दोघींनी वापरा.’ वहिनी चुलीपुढं होती. तिनं मान वर केली नाही, पण कानाच्या पाळ्या लाल झाल्या.

आईनं साबण हुंगला आणि तोंड वाकडं केलं. ‘जनावराच्या चरबीचा असतोय त्यो. माज्या रिठ्याजवळ ठिवू नगासा.’

पंधरा दिवस तो कोनाड्यात पडून होता. वहिनीची हिंमत होईना आणि माझ्यावर आईचा डोळा होता. मी दिवसातून चारदा तो नाकाला लावून परत ठेवायची.

भाऊ निघाला त्या सकाळी आईनं त्याच्या हातावर दही घातलं. त्यानं माझी वेणी ओढली आणि म्हणाला, ‘त्यो साबण वापर की गं. न्हाईतर पुढच्या खेपेला आणायचा न्हाई.’ मग तो निघाला. आई आणि वहिनी त्याला घालवायला वेशीपर्यंत गेल्या, वडील कोरेगाव स्टेशनापर्यंत. मी घरात एकटी.

नियम मला माहीत नव्हता असं नाही. पाठ होता. पण भावानंच तर सांगितलं होतं, वापर. आणि आई घरात नाही अशी घटका वर्षातून किती वेळा यायची. मी साबण ओच्यात घातला आणि ओढ्यावर पळाले.

तो फेस मला अजून आठवतो. रिठ्याचा फेस डोळ्यांत गेला की आग होते, शिकेकाई तर फेसाळतच नाही धड. हा फेस पांढरा, गच्च, दोन्ही हातांत मावेना. केस सुळसुळीत झाले. मी स्वतःशीच हसत होते. तेवढ्यात लांबून गाडीची शिटी ऐकू आली. ती भावाचीच गाडी होती की दुसरी, मला काय कळणार. पण त्या शिटीनं मी काय करून बसले ते एकदम समजलं. तो वाटेवर होता आणि मी डोक्यावरून पाणी घेत होते. डोक्यावर फेस तसाच होता. चार ओंजळी पाणी मारलं, केस पिळले आणि पळत सुटले. साबण खडकावरच राहिला.

रानात कडब्याच्या गंजीआड मी केस वाळवत बसले. दुपारी ओलसर केसांची घट्ट वेणी घालून घरी आले. आई उंबऱ्यात बसली होती. तिनं मला जवळ घेतलं, डोक्यावरून हात फिरवला. हात क्षणभर थांबला.

‘कुठं व्हतीस?’

‘रानात.’

ती उठली. घागर उचलून पाण्याला म्हणून ओढ्यावर गेली. परत आली ती थेट चुलीकडं. जाळ केला, कढई चढवली, त्यात शिकेकाई टाकली. वहिनी खांबाला टेकून बसली होती, ती तिथूनच म्हणाली, ‘आवं आत्याबाई, आज?’

‘डोकं खाजतंय माजं,’ आई म्हणाली.

आणि आई न्हाली. मुलगा लढाईवर निघाला त्याच दिवशी, भर दुपारी. न्हाऊन बाहेरच्या ओट्यावर केस मोकळे सोडून उन्हात बसली. गल्लीतल्या बाया येता-जाता थबकत होत्या. कुणी पदर तोंडाला लावला. आई सगळ्यांकडं सरळ बघत होती.

मला काय वाटलं ते आज सांगायची लाज वाटते, पण सांगते. मला हायसं वाटलं. आईच न्हाली म्हणजे नियम काही तेवढा मोठा नसणार, असं मी मनाशी ठरवलं आणि पोटभर जेवले. संध्याकाळी साबण बघायला ओढ्यावर गेले, तर तो नव्हता. कावळे साबण उचलतात, हे मी ऐकलं होतं. कावळ्यानं नेला असेल म्हटलं. पुढं एकदा वहिनीनं हळूच साबणाचं विचारलं, तर मी तोंड उघडायच्या आत आई म्हणाली, ‘उंदरानं नेला.’ मी त्याचंही नवल केलं नाही.

पत्र आलं नाही. आठ दिवस, महिना, दिवाळी. वहिनी न्हाली नाही. पोचल्याचं पत्र आल्याशिवाय न्हायचं नसतं, एवढंच ती म्हणे. दिवाळीच्या पहाटे आईनं उटणं कालवलं, तर वहिनीनं हाताला लावलं आणि डोकं बाजूला घेतलं. पुढं सरकारी लखोटा आला. शाळेच्या मास्तरांनी तो दोनदा मनातल्या मनात वाचला आणि मग सांगितलं, बेपत्ता. मेला नाही, जिवंतही नाही. सुतक नाही आणि पेढेही नाहीत. वडील उठून बैलांकडं गेले. आई भिंतीला पाठ लावून बसली.

वहिनी त्या दिवशी पहिल्यांदा सासूच्या तोंडावर बोलली. ‘पोटच्या पोराची गाडी लांबबी गेली नव्हती, आन तुमी डोक्यावरनं पाणी घेतलं. ते पोचणार कुठनं?’

आई म्हणाली, ‘व्हय बाई. न्हाले.’

मी तिथंच होते. दोन हातांवर. मला बोलता आलं असतं.

त्यानंतर गल्लीनंही तोंड सोडलं. हळदीकुंकवाला आईला बोलावणं येईना. नव्या सुनेची ओटी भरायला आई गेली की बाया सुनेला आत न्यायच्या. वहिनी एकाच चुलीवर तिच्याबरोबर भाकरी थापायची, पण तिच्याशी बोलायची ते भिंतीला उद्देशून. आणि मी? मी रोज मोजत होते. ओढ्यावरचं न्हाणं आधीचं, ओट्यावरचं नंतरचं. लागलं असेल ते कुणाचं? आता मला कळतं की समुद्रापारची गोळी कोरेगावकडच्या ओढ्यातल्या फेसाला विचारून सुटत नाही. चांगलं कळतं. पण कळणं डोक्यात असतं, आणि शिकेकाईचा वास आला की माझं डोकं चालत नाही, मी दाराकडं बघते.

वहिनीचे केस कमरेपर्यंत होते. वर्ष-दीड वर्ष त्यांना पाणी नाही, फणी नाही. ती अंबाडा बांधून पदर घट्ट ओढून घ्यायची. पदराखाली काय चाललंय ते कुणालाच माहीत नव्हतं. मग एक दिवस देवीचा जग, म्हणजे मुखवट्याची टोपली, डोक्यावर घेऊन फिरणारी एक जोगतीण दारात आली. वहिनी सुपातून जोंधळे घालायला वाकली आणि पदर घसरला. मानेवर बोटाएवढी जाड जट होती. जोगतिणीनं हात जोडले. ‘देवी आलीया ह्या पोरीच्या केसात. हात लावू नगासा. ही आता तिची.’

वहिनी सूप तिथंच टाकून घरात आली आणि पदर दोन्ही हातांनी डोक्यावर गच्च धरून बसली. मी तिला तसं कधी पाहिलं नव्हतं. देवीला वाहिलेल्या बाईचं काय होतं ते आम्हांला ठाऊक होतं. ती कुणाची बायको राहत नाही. भाऊ उद्या परत आला, तर तिला त्याची म्हणून ह्या घरात राहता आलं नसतं. एवढे दिवस ज्याच्यासाठी ती न्हाली नव्हती, त्याच्यासाठीच आता तिला न्हावं लागणार होतं, आणि तेही जट पक्की होऊन गावभर व्हायच्या आत.

आईनं एरंडेल कोमट केलं, रिठे फोडले आणि पाट मांडला. ‘ये,’ म्हणाली.

वहिनी भिंतीकडं बघून म्हणाली, ‘त्या हातानं मी न्हायची न्हाई. जट ऱ्हायली तर ऱ्हाऊ दे.’ मग माझ्याकडं वळली. ‘वन्सं, तुमी घाला मला न्हाऊ. तुमचं हात निर्मळ हायती.’

आई पाटामागून उठली आणि तेलाची वाटी माझ्या हातात दिली. तिची बोटं माझ्या बोटांना लागली, तेवढंच.

पाच-सहा शुक्रवार ते चाललं. आई चुलीपाशी सगळं तयार करायची आणि दाराआड उभी राहायची. वहिनी तिच्याकडं पाठ करून बसायची. आई हातानं खुणा करायची आणि मी करायची. आधी एरंडेल मुरवायचं. मग रिठ्याचा फेस काढून नुसता फेस जटेवर ठेवायचा, चोळायचं नाही. फेस आत उतरला की साळिंदराच्या काट्यानं एकेक केस टोकाकडून सोडवायचा. वरून ओढलं तर गाठ आवळते. शेवटी शिकेकाईचं पाणी. वहिनी दुखलं तरी हूं की चूं करायची नाही. पाण्याचा तांब्या थांबला की तिचे कान दाराकडं लागायचे. माझेही. न्हाणीत आम्ही दोघी आणि दाराआड आई, तिघी जणी गप्प बसून एकाच पावलांची वाट बघत होतो, असं मला तेव्हा वाटे. कधी कधी वाटे, ती पावलं अंगणात येऊन थांबली आहेत आणि मी हातात फेस घेऊन बसले आहे म्हणून आत येत नाहीत.

शेवटच्या शुक्रवारी एकच जट उरली होती, मानेजवळची. एवढ्या न्हाण्यांनी वर्षाचे रिठे दीड महिन्यात उडाले होते. परसातल्या चुलीपाशी आईचे हात शिकेकाईत होते. ती म्हणाली, ‘डेऱ्यात असतील दहा-बारा, घे,’ आणि म्हटल्याबरोबर तिचा हात थांबला. पण तोवर मी डेऱ्यात वाकले होते. खांद्यापर्यंत हात घातला. तळाला रिठ्यांच्या टरफलांत काहीतरी चौकोनी लागलं. बाहेर काढलं.

तो साबण होता. वाळून चिरलेला, गुलाबी रंग उडालेला. त्यावर एक लांब केस चिकटून वाळला होता.

मी आईकडं बघितलं.

‘घावला व्हय,’ ती हळू आवाजात म्हणाली.

‘तुला म्हाईत व्हतं?’

‘तुज्या केसाला वास व्हता. मंग ओढ्यावर घावला.’

‘मंग तू कशापायी न्हालीस?’

‘कुनी ना कुनी तुला ओढ्यावर बघितली असंल.’ ती कढईतलं ढवळत राहिली. ‘घरातल्या दोघी न्हाल्या, तर लोक थोरलीला बोलत्यात. माजं काय, निम्मं झालं. तुला जलमभर पुरला असता बोल.’

‘टाकून का न्हाई दिलास ह्यो?’

‘त्यानं आणल्याली वस्तू कशी टाकू?’

मला रडू फुटलं. मी म्हणाले, ‘मी वयनीला सांगते. आत्ता सांगते.’

आईनं पहिल्यांदा माझ्याकडं नीट बघितलं. ‘आत्ता सांगितलंस तर ती तुज्याबी हातनं न्हायची न्हाई. मंग कुनाच्या हातनं न्हाईल? केस सुटू देत. मंग तुज्या मनाला यील तसं कर.’ तिनं माझ्या हातातला साबण घेतला, परत डेऱ्यात टाकला आणि रिठे वेचून दिले. आतून वहिनीनं हाक मारली, ‘वन्सं, पाणी गार व्हतंय.’

त्या दिवशी शेवटची गाठ सुटली. फणी वहिनीच्या टाळूवरून निघाली आणि कमरेपर्यंत कुठंही न अडकता गेली. वहिनीनं केस पुढं घेऊन बघितले आणि गुडघ्यांत तोंड घालून ती रडली. मग म्हणाली, ‘लय निर्मळ हात हायती तुमचं, वन्सं. तुमच्यामुळं मी त्यांची ऱ्हायले.’

केस सुटले होते. आई दाराआड होती. आता सांगायला काहीच हरकत नव्हती. मी तोंड उघडलं आणि म्हणाले, ‘डोळं मिटा वयनी, फेस जाईल.’

तेव्हा मी लहान होते, म्हणून सोडून देता येईल. पण पुढं माझं लग्न झालं, मी पलूसकडं नांदायला गेले, उसाच्या मळ्यात घर, धडधाकट नवरा, मुलं. दर माहेरपणाला जाताना वाटेत ठरवायची, ह्या खेपेला सांगायचं. पोचले की वहिनी पायांवर पाणी घालायची, माझं पोर कडेवर घ्यायची, मला पाटावर बसवून म्हणायची, ‘आधी माजं डोकं धुवा, मंग च्या.’ गावात तिचे केस दुसऱ्या कुणाच्या हाती ती देत नसे. मी धुवायची. शेजारच्या खोलीत आई असायची. तिचा उजवा हात पुढं पुढं वर जात नव्हता, एका हातानं ती स्वतःचं डोकं चोळायची, आणि वहिनी ते बघून न बघितल्यासारखं करायची. आई मला कधी काही म्हणाली नाही. रागावली असती तर बरं झालं असतं.

भाऊ आला नाही. वहिनीनं कुंकू पुसलं नाही.

आई गेली तेव्हा मी वेळेवर पोचले. तिला न्हाऊ घालायला आम्ही बसलो. त्या पाण्यात शिकेकाई नसते, रिठा नसतो, नुसतं पाणी. वहिनी न्हाणीच्या दारात उभी होती, जिथं आई उभी राहायची बरोबर तिथं. मी म्हणाले, ‘वयनी, दोन तांबे तुमीबी घाला.’

ती आईच्या तोंडाकडं बघत राहिली. मग म्हणाली, ‘त्या दिशी न्हाल्या नसत्या, तर घातलं असतं वन्सं.’

मी तांब्या भरला आणि पाणी घालत राहिले.